भावी ऋजुताची धाप

सोनझरीत दम्याच्या मुलांना धाप लागायच्या बरोबर दोन दिवस आधी ती त्यांच्या संगणकातल्या मुलांना लागत असे, आणि बारा वर्षांखालच्या रुग्णाजवळ घरचं माणूस हवंच असा दवाखान्याचा नियम असल्यामुळे त्यांच्याजवळही कोणीतरी बसावं लागत असे.

मंगळवारी सव्वाअकराला कुंदा लांजेवारचा फोन वाजला तो यासाठीच. कुंदा तेव्हा राइस मिलच्या धर्मकाट्यावर होती. काट्यावर धानाचा ट्रक, त्याच्या मागे आणखी चार, आणि पाचही ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून.

"लांजेवार ताई, ऋजुताला धाप लागली आहे. लगेच या," पलीकडून दवाखान्यातले रहांगडाले म्हणाले.

"ऋजुता शाळेत आहे जी. आत्ताच सोडून आली मी तिला."

"ती प्रत्यक्ष. मी भावी ऋजुताबद्दल बोलून राहिलो."

"मंगळवारी कसं येऊ मी? आज माल उतरायचा दिवस आहे."

"रुग्ण एकटा आहे ताई," रहांगडाले शांतपणे म्हणाले. "तशी नोंद करू का?"

ही नोंद एकदा झाली की मूल योजनेतून बाहेर जायचं. कुंदाने फोन ठेवला, ट्रकचं वजन लिहिलं, पावती फाडली आणि चप्पल पायात सरकवली. मिलचे मुनीमजी दारातच उभे होते. या महिन्यात ती चौथ्यांदा निघाली होती.

"पोरगी एक, आणि आजार दोघींचा," मुनीमजी म्हणाले. "पुढच्या वेळी काट्यावर दुसरं माणूस बसलेलं दिसेल, सांगून ठेवतो."

मुनीमजी खोटं बोलत नव्हते. कुंदा तशीच निघाली.

सोनझरीत अकरा राइस मिल होत्या. कोंड्याचे ढीग गावाच्या तीन बाजूंना होते आणि चौथ्या बाजूने वारा यायचा. त्यामुळे गावात दम्याची मुलं पुष्कळ. दोन वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यातल्या चौदा नंबरच्या खोलीत बाल श्वास पूर्वानुमान कक्ष उघडला. त्रेसष्ट मुलांना नळीत फुंकायला लावलं, त्यांच्या छातीचे फोटो काढले, आयांना एकशे बारा प्रश्न विचारले. त्यात रोजचा वारा, धूळ आणि दमटपणा मिसळला. सगळे आकडे भरून झाले तेव्हा संगणकात त्रेसष्ट मुलं उठून बसली. त्यांना भावी म्हणायचं आणि घरच्यांना प्रत्यक्ष, असं परिपत्रक निघालं.

भावी मुलं चुकत नसत. कक्ष उघडण्याआधी ऋजुताला दोनदा ओठ निळे पडलेल्या अवस्थेत टेम्पोत घालून जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावं लागलं होतं. नंतर एकदाही नाही. तेव्हा संगणकाबद्दल कुंदाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती बसण्याबद्दल.

चौदा नंबरच्या खोलीत भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर भावी ऋजुता उकिडवी बसून धापा टाकत होती. तिच्या दोन वेण्या नोंदणीच्या दिवशी होत्या तशाच होत्या. पुढचा दातही पडलेलाच होता. घरच्या ऋजुताला तो कधीच आला होता.

"आई, आलीस?"

"आली," कुंदा म्हणाली आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. "हळू घे श्वास. तोंडाने सोड. फुंकर घातल्यासारखा."

भावी ऋजुताच्या घरात फॉर्ममध्ये लिहिलं होतं तेवढंच होतं. ओल आलेली भिंत होती. खिडकीबाहेर कोंड्याचा ढीग होता. पाळीव प्राण्यांच्या रकान्यात चुकून शेजारच्यांचं मांजर गेलं होतं, म्हणून ते कायम आतच असायचं. कुंदाचा नवरा देवानंद हार्वेस्टर घेऊन पंजाबात गेलेला असायचा, पण फॉर्मने त्याच्याबद्दल एकच विचारलं होतं: धूम्रपान करतो का? त्यामुळे संगणकातला बाप बाराही महिने कोपऱ्यात उभा राहून बिडी ओढत नसे. दुसरं काही तो करत नसे. आणि आई? आईचं नाव फक्त 'माहिती देणाऱ्याची सही' या ओळीत होतं. त्या घरात आई नव्हती. म्हणूनच बाहेरून बोलवावी लागायची.

रहांगडाले टेबलावर फॉर्म भरत होते. पन्नाशीचा, स्वच्छ इस्त्रीचा माणूस. आवाज कधी चढत नसे, आणि कुंदाला नेमका त्याचाच संताप यायचा.

"सोबतच्या व्यक्तीने ताट-वाटी आणली आहे?"

"कशाला? ती जेवते का?"

"जेवण्याचा प्रश्न नाही. रकाना आहे."

"लिहा, आणली."

"दाखवा."

कुंदाने पिशवीतून स्वतःच्या डब्याचं झाकण काढून दाखवलं. त्यांनी 'एक ताट' असं लिहिलं.

धाप उतरायला चार वाजले. तोवर कुंदाचा फोन नऊ वेळा वाजला, नऊही वेळा मुनीमजींचाच. उठताना तिचा पाय मुरगळला, पिशवीचा बंद तुटला, आणि मग तोंडातून निघायचं ते निघालंच.

"आता पुरे कर बाई," ती पडद्याकडे बघून म्हणाली. "माझी नोकरी घालवशील तू. या हप्त्यात परत बोलावलंस तर मी यायची नाही, समजलं?"

भावी ऋजुताने मान हलवली. मांजर तिच्या मांडीवर येऊन बसलं. तिने ते बाजूला केलं.

गुरुवारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. अकरा वाजून पाच मिनिटांनी कुंदा दम्याचा पंप घेऊन शाळेत तिसरीच्या वर्गाबाहेर उभी राहिली. मेश्राम बाईंना याची सवय होती.

"आलात? अजून दहा मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या. "तोवर भागाकार होऊन जाईल."

सव्वाअकराला ऋजुता खोकली. कुंदाने तिला पंपाचे दोन झोत दिले, पाठ चोळली. साडेअकराला ऋजुता पुन्हा भागाकाराला बसली आणि कुंदा काट्यावर गेली. मुनीमजींनी घड्याळ पाहिलं.

त्यामुळे शुक्रवारी दुपारी एक वाजता मेश्राम बाईंचा फोन आला तेव्हा कुंदाला आधी काही कळेच ना.

"ऋजुताला धाप लागली हो. समोरच्या मिलने भट्टी साफ केली, सगळा कोंडा वर्गात. जोरात लागली आहे. पंपाने उतरेना. मी रिक्षाने दवाखान्यात आणून राहिली तिला."

"पण आज नाही ना तिचा दिवस," कुंदा म्हणाली. आपण काय बोललो ते ऐकून ती स्वतःवरच चिडली आणि ट्रक काट्यावर तसाच सोडून पळाली.

सहा नंबरच्या वॉर्डात ऋजुता पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून पुढे वाकली होती. प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खड्डा पडत होता. छातीतून शिटीसारखा आवाज येत होता. कापगते सिस्टर तिच्या बोटाला चिमटा लावून आकडा बघत होत्या.

"नव्वद," त्या म्हणाल्या. "ऑक्सिजन लावते, पंप चालू ठेवते. पण हिला वाफेचं औषध पाहिजे. कक्षाचा नंबर आणा लवकर."

योजनेतल्या मुलांचं वाफेचं यंत्र कक्षाचा नंबर टाकल्याशिवाय चालू होत नव्हतं. कोणत्या मुलाला किती वाजता लागणार हे आधीच माहीत असल्यावर ते उगाच उघडं कशाला ठेवायचं, असा त्यामागचा विचार होता. कुंदा पळतच चौदा नंबरात शिरली.

"नंबर द्या!"

रहांगडालेंनी रजिस्टर उघडलं, बोट वरून खाली नेलं, खालून वर आणलं.

"लांजेवार ऋजुता. गुरुवार, सव्वाअकरा. तो तर झाला."

"आजचा द्या. आज लागली आहे तिला."

"आज नाही," रहांगडाले म्हणाले. "भावीला बुधवारी काही झालं नाही. त्यामुळे प्रत्यक्षाला शुक्रवारी काही झालेलं नाही."

"मी डोळ्यांनी बघून आली! पोरगी तिकडे गुदमरून राहिली आहे!"

"तुम्ही पाहिलं असेल ताई. मी नाही म्हणत नाही. पण क्रम असतो. प्रत्यक्षाला आधी येऊ शकत नाही." त्यांनी खण उघडून एक कागद काढला. "तरी सोय आहे. हा अनपेक्षित झटक्याचा अर्ज. फक्त सात दिवस आधी द्यावा लागतो."

कुंदाने तो कागद घेतला, दोन्ही बाजूंनी वाचला आणि टेबलावर ठेवला.

"साहेब, मी नऊ वर्षं काट्यावर आहे. वर ट्रक उभा असला तर मी ट्रक लिहिते. यादीत नाही म्हणून ट्रक नाही, असं नाही म्हणत."

"तुमचा काटा उभं असलेलं मोजतो," रहांगडाले म्हणाले. ते उद्धटपणे बोलत नव्हते, समजावून सांगत होते. "आमचा यायच्या आधी मोजतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत."

"तिला दाखवा मला."

"कोणाला?"

"भावीला. पडद्यावर आणा. भेटायचं आहे म्हणून लिहा, काय लिहायचं ते लिहा!"

रहांगडालेंनी भेटीच्या वहीत वेळ लिहिली आणि पडदा लावला.

भावी ऋजुता भिंतीला टेकून बसली होती. तोंड मिटलेलं, हात मांडीवर, शाळेत फोटो काढताना बसतात तशी. बाजूच्या पट्टीवर श्वासाची रेघ सरळ चालली होती. संगणकाच्या मते मूल ठणठणीत होतं.

"पाहा," रहांगडाले म्हणाले.

कुंदा पडद्याजवळ गेली. आणखी जवळ गेली. आईला रेघेशी काय देणंघेणं? तिने खांदे पाहिले. दोन्ही खांदे कानांपर्यंत चढले होते. फ्रॉकच्या गळ्याशी, हाडांच्या मधोमध, तो खड्डा होता. पडत होता, भरत होता. नाकपुड्या फुलत होत्या. मुलगी एकेक श्वास मोजून, दाबून, बारीक करून घेत होती.

"कधीपासून?" कुंदाने विचारलं.

भावी ऋजुताने मान हलवली. काही नाही, अशी.

"ऋजू. माझ्याकडे बघ. कधीपासून?"

"बुधवारपासून," ती म्हणाली, आणि तोंड उघडताच रेघ उंच उडाली. "दुपारपासून. एक वाजता."

"आणि सांगितलं नाहीस? दोन दिवस अशी बसलीस?"

"तू म्हणालीस ना..." तिला वाक्य पुरं करायला तीन श्वास लागले. "परत बोलावलं तर... तू यायची नाहीस."

रहांगडालेंनी पेन उचललं होतं, ते तसंच हातात राहिलं. कुंदा रागावली होती खरं, पण नेमकी कोणावर, ते तिला आता सापडेना. मुनीमजींवर, रहांगडालेंवर, कोपऱ्यात बिडी न ओढता उभ्या असलेल्या त्या नवऱ्यावर, की स्वतःवर?

"मी खोटं बोलली होती," ती म्हणाली. "चिडली की बोलते मी तसं. मी येते. दर वेळी येते. ऐकलंस?"

मग ती वळली. "ऐकलंत ना? बुधवारी एक वाजता. लिहा."

"हे अज्ञान बालकाचं निवेदन झालं," रहांगडाले हळू म्हणाले. "पालकाची सही लागेल."

"आणा इकडे!"

तिने सही केली. त्यांनी तारीख मागची घातली, शिक्का मारला, बटण दाबलं. यंत्राचा नंबर निघाला. तो कागद फाडून देताना ते उभे राहिले. ते उभे राहिलेले कुंदाने पहिल्यांदाच पाहिले.

ती दाराकडे पळाली तोच मागून आवाज आला.

"ताई, रुग्णाजवळ माणूस पाहिजे. भावीला आता चढली आहे."

"मग मी काय दोन ठिकाणी बसू?"

"तसं बसता येत नाही," रहांगडालेंनी कबूल केलं. "पडदा वॉर्डात न्यावा तर वायर पुरत नाही."

"मग पलंग आणते!"

आणि तिने आणला. नंबराचा कागद कापगते सिस्टरांच्या हातात दिला आणि दोघींनी मिळून ऋजुताला पलंगासकट, ऑक्सिजनच्या नळकांड्यासकट, यंत्रासकट त्या लांब व्हरांड्यातून ढकलत नेलं. एक चाक फिरत नव्हतं. बाहेरच्या बाकावरचे पेशंट पाय वर घेऊन बसले. चौदा नंबरच्या दारात पलंग अडकला तेव्हा रहांगडालेंनी स्वतः टेबल ओढून जागा केली. फॉर्मांचा गठ्ठा खाली पडला. तो त्यांनी उचलला नाही.

नंबर टाकला. यंत्र घरघरलं. पलंगावरच्या ऋजुताच्या मास्कमधून वाफ निघू लागली, आणि पडद्यावर, ओल्या भिंतीजवळ, दुसऱ्या ऋजुताच्या तोंडाभोवतीही पांढरं धुकं जमलं. नंबर एकच होता.

कुंदा मधल्या खुर्चीत बसली. एक हात पलंगावरच्या पाठीवर ठेवला, दुसरा पडद्याच्या काचेवर. वीस मिनिटं वाफ चालली. ब्याण्णव, सिस्टर म्हणाल्या. मग त्र्याण्णव. मग बराच वेळ त्र्याण्णवच. तीन वाजता पंच्याण्णव.

"ही कोण?" पडद्यावरच्या मुलीने विचारलं.

"ही ऋजुता."

"मी पण."

"हो. ही तुझ्या मागून येते. दोन दिवसांनी."

भावी ऋजुता विचारात पडली. "म्हणजे मी लपवलं, ते हिला लागलं?"

कुंदाला खोटं बोलायचं होतं. पण एकदा बोलून काय झालं ते समोरच होतं. "हो," ती म्हणाली.

पलंगावरच्या ऋजुताने मास्क वर केला. "तुला दुखलं?"

"इथं. बरगडीत."

"मला पण इथंच."

सिस्टरांनी मास्क पुन्हा खाली ओढला. "गप्पा नंतर," त्या म्हणाल्या, पण दोघींकडेही बघून म्हणाल्या.

चारच्या सुमारास दोन्ही श्वास सरळ झाले. कुंदाने पदराने तोंड पुसलं. रहांगडाले मात्र मघापासून रजिस्टर पुढे घेऊन बसले होते. पानं उलटत होते आणि त्यांच्या कपाळाला घाम आला होता.

"ताई," ते म्हणाले, "या महिन्यात किती आयांनी मला सांगितलं असेल, परत बोलावू नका म्हणून?"

बाहेरच्या बाकावर कुंदाने स्वतः कितीजणींकडून ते ऐकलं होतं.

रहांगडालेंनी बटण दाबलं. पडद्याचे त्रेसष्ट चौकोन झाले आणि प्रत्येकात एक मूल. त्यांनी घसा साफ केला. "ज्या भावी रुग्णांनी धाप लागल्याची माहिती कक्षापासून दडवली असेल, त्यांनी तात्काळ हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. त्रेसष्ट मुलं तोंड मिटून बसली.

"असं विचारलं तर कोण सांगेल जी?" कुंदा उठली. मास्तरासारख्या उभ्या असलेल्या रहांगडालेंना तिने बाजूला केलं आणि स्वतः पडद्यासमोर उभी राहिली. मग ती घरी बोलायची तसंच बोलली. "पोरांनो, आया चिडतात. कामं असतात त्यांना. म्हणून त्या येत नाहीत असं नाही. कोणाला दम लागला असेल तर सांगा बाबा. कोणी रागावणार नाही. हे साहेबही नाही."

"नाही," रहांगडाले म्हणाले.

वरच्या ओळीत एक हात हळूच उठला. मग त्याच्या शेजारचा. मग खालच्या ओळीतले तीन. रेघा एकेक करून उडू लागल्या. रहांगडाले नाव, दिवस आणि वेळ लिहीत सुटले. कोणाला बुधवारी संध्याकाळपासून, कोणाला आज सकाळपासून. सिस्टर दर नावाला घरी फोन लावू लागल्या. "हो, आजच लागणार आहे, साडेपाचला, तुम्ही आत्ताच निघा. नाही, रागवायचं नाही. आम्हाला आत्ताच कळलं." शेवटी अकरा नावं झाली. पाच वाजेपर्यंत पहिल्या दोन आया मुलांना घेऊन व्हरांड्यात आल्याही होत्या आणि रहांगडालेंनी त्यांना ताट-वाटी विचारली नव्हती.

शेवटच्या ओळीत एका कोपऱ्यात वेणू कटरे नावाची सहा वर्षांची मुलगी होती. तिचा हात अर्धा वर होता, अर्धा खाली.

"तुला लागली आहे का नाही?" कुंदाने विचारलं.

"आज नाही," वेणू म्हणाली. "रविवारी लागणार आहे."

"तुला कसं माहीत?"

"तिला आत्ता लागली ना." वेणूने आपल्या खोलीतल्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे पाटावर एक लहानसा संगणक होता. "माझ्या आधी एक आहे. तिला लागली की मग मला लागते."

रहांगडालेंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. परिपत्रकात यावर काही नव्हतं. कुंदाला थकवा आला होता, काट्यावर ट्रक तसाच उभा असणार होता, आणि सोमवारी नोकरी असेल की नाही हे मुनीमजींनाच ठाऊक. तरी ती वेणूच्या चौकोनाजवळ वाकली.

"तिच्याजवळ कोणी बसलं आहे का गं?"

"मी बसते ना," वेणू म्हणाली.

रहांगडालेंनी रजिस्टरचं नवं पान उघडलं, रेघ मारली आणि पेन उचललं.

"नातं काय लिहू?" त्यांनी विचारलं.